अंगठ्याला ठेच लागलेली नव्हती : मेलॅनोमाच्या चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्यांना खुले पत्र

मेलॅनोमावरील औषध-चाचण्यांचे आराखडे आखणारे संशोधक, त्यांना पैसा पुरवणाऱ्या कंपन्या व संस्था आणि त्या आराखड्यांना मान्यता देणाऱ्या नैतिकता समित्यांचे सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या डॉक्टरांनी मेलॅनोमावरील, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कर्करोगावरील, एका नव्या औषधाच्या चाचणीसाठी माझे नाव पाठवले. सगळे रिपोर्ट, स्कॅनच्या सीडी, बायोप्सीच्या स्लाइड आणि आजवर घेतलेल्या प्रत्येक औषधाच्या तारखा मी स्वतः फाईलमध्ये क्रमाने लावून दिल्या होत्या, कारण एखादा कागद कमी पडला म्हणून संधी हुकू नये, एवढीच खबरदारी माझ्या हातात होती. नवव्या दिवशी उत्तर आले. कागद एकही कमी पडलेला नव्हता. ‘अ‍ॅक्रल आणि म्यूकोझल प्रकारचे मेलॅनोमा या अभ्यासातून वगळण्यात आले आहेत’, असे एकच वाक्य त्यात होते.

हे वाक्य माझी फाईल पाहून लिहिलेले नव्हते. आराखडा तयार होत होता, त्या बैठकीतच ते लिहिले गेले होते, आणि त्या बैठकीत माझ्यासारखे कोणी बसलेले नसणार. म्हणून हे पत्र त्या चाचणीच्या समन्वयकांना न लिहिता तुम्हा सर्वांना लिहीत आहे, आणि ज्यांच्या तळपायावर किंवा नखाखाली उद्या असा डाग उमटेल त्यांनीही ते वाचावे, म्हणून जाहीरपणे लिहीत आहे.

अ‍ॅक्रल मेलॅनोमा म्हणजे तळहात, तळपाय आणि नखांखालच्या त्वचेचा मेलॅनोमा; म्यूकोझल म्हणजे तोंड, नाक अशा अवयवांच्या आतल्या ओलसर अस्तराचा. माझा अ‍ॅक्रल आहे. मेलॅनोमा म्हटले की ऊन, गोरी कातडी आणि पाठीवरचा बदललेला तीळ डोळ्यांसमोर येतो. आमच्या आजाराचा उन्हाशी जवळजवळ संबंध नाही. गडद वर्णाच्या लोकांना मेलॅनोमा मुळात कमी होतो. पण होतो तेव्हा तो फार मोठ्या प्रमाणावर याच जागांवर होतो. जगातील एकूण मेलॅनोमांमध्ये आमचा वाटा लहान आहे आणि त्यामुळे तुमच्या तक्त्यांत आम्ही तळटीप ठरतो. ज्या समाजांत आम्हीच बहुसंख्य आहोत, तिथे मात्र तीच तळटीप म्हणजे संपूर्ण आजार असतो.

माझा आजार उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झाला. काडेपेटीतल्या काडीएवढ्या जाडीची एक तपकिरी रेघ नखाच्या मुळापासून टोकापर्यंत सरळ गेलेली होती. पहिल्या डॉक्टरांनी विचारले, ‘कुठे ठेच लागली होती का?’ या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस विरळा, कारण ठेच प्रत्येकाला कधी ना कधी लागलेली असते. मीही आठवून आठवून एक ठेच शोधून काढली आणि ‘हो, लागली होती’ असे सांगितले. रक्त साकळले आहे, नख वाढेल तसे निघून जाईल, असे निदान झाले. आज मला माहीत आहे की साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागते. अंगठ्याचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते, म्हणजे दोन महिन्यांत हा फरक साध्या डोळ्यांनी कळला असता. माझी रेघ मुळापासून हललीच नाही, उलट रुंदावत गेली. नंतर तिचा रंग नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला. या खुणेचे वर्णन जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ साली केले होते आणि तिला आजही त्यांचेच नाव आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी ते बुरशीचे लक्षण मानले, मलम दिले, आणि काही महिन्यांनी नख उपटून काढले. ते नख आणि त्याखालचा काळा तुकडा चिमट्याने ट्रेमध्ये ठेवताना मी पाहिला. तो तपासणीला गेला नाही, ट्रेमधून कचऱ्यात गेला. रेघ पहिल्यांदा दिसल्यापासून बायोप्सी होईपर्यंत चौदा महिने गेले.

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये गाठीची खोली ३.२ मिलिमीटर होती आणि वरची त्वचा फाटून जखम झालेली होती. ही खोली मोजण्याची पद्धत अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली मांडली, आणि मेलॅनोमाच्या रुग्णाचे पुढचे आयुष्य आजही सर्वाधिक या मिलिमीटरांवर ठरते. एक मिलिमीटरच्या आत सापडलेला मेलॅनोमा बहुतेकांचा शस्त्रक्रियेनेच संपतो. माझा अंगठा काढावा लागला, जांघेतील दोन सेंटिनल नोडपैकी (कर्करोग पसरताना ज्यांत आधी पोहोचतो त्या लसिका ग्रंथींपैकी) एकात कर्करोगाच्या पेशी सापडल्या, आणि कागदावर ‘स्टेज ३ सी’ असे लिहिले गेले.

ही हकीकत तुम्हाला सांगण्याचे कारण आहे. निदानाला झालेल्या उशिराचा दोष मी त्या दोन डॉक्टरांवर टाकून मोकळी होऊ शकत नाही, कारण त्यांना जे शिकवले गेले त्यात माझ्या अंगठ्याला जागाच नव्हती. मेलॅनोमा ओळखण्याचे जे सूत्र जगभर शिकवले जाते, ते १९८५ साली न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी मांडले : असमान आकार, ओबडधोबड कड, एकाहून अधिक रंग, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा व्यास. २००४ साली त्यात ‘बदलत जाणे’ हे पाचवे लक्षण मिळाले. या सूत्राने असंख्य जीव वाचवले आहेत आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण ते कातडीवरच्या तिळासाठी रचलेले आहे. नखाखालच्या रेघेला व्यास नसतो आणि तळपायावरचा मेलॅनोमा पुष्कळदा भोवरी किंवा न भरणारी जखम वाटतो, काही वेळा तर त्याला काळा रंगही नसतो. जपानमध्ये हा प्रकार अधिक दिसतो, म्हणून तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी तळपायाकडे स्वतंत्रपणे पाहिले आणि कातडी मोठी करून दाखवणाऱ्या डर्मोस्कोपने दिसणारी एक सुंदर गोष्ट नोंदवली : तळपायाच्या कातडीवर ज्या बारीक समांतर रेषा असतात, त्यांच्या खाचांमध्ये साध्या तिळाचा रंग बसतो, तर मेलॅनोमाचा रंग त्यांच्या उंचवट्यांवर बसतो. हे ज्ञान ज्यांनी वेगळा प्रश्न विचारला त्यांना मिळाले. माझे म्हणणे थोडक्यात हेच आहे, आणि पुढच्या तक्रारीही त्याच मुद्द्यावरच्या आहेत.

पहिली आणि माझ्या लेखी सर्वांत मोठी तक्रार अशी की, आम्हाला वगळून मिळालेली उत्तरे शेवटी आम्हालाच लावली जातात. चाचणीत घेताना आमचा आजार वेगळा ठरतो आणि औषध देताना तो पुन्हा ‘मेलॅनोमा’ होतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

मेलॅनोमाच्या उपचारांत गेल्या दीड दशकात जे घडले ते मी कमी लेखत नाही. १९७५ साली मान्यता मिळालेल्या डकार्बझीन या केमोथेरपीच्या औषधानंतर अनेक दशके पसरलेल्या मेलॅनोमाच्या रुग्णाला सर्वसाधारणपणे वर्षभराचेही आयुष्य मिळत नसे. २०११ साली इपिलिमुमॅब आले, २०१४ साली पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब आले (ही तिन्ही इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारी औषधे), आणि ज्या मूलभूत शोधांवर ही औषधे उभी आहेत त्यांसाठी जेम्स अ‍ॅलिसन व तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र दिलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के दहा वर्षांनंतर जिवंत असल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. तो आकडा वाचला तेव्हा मी कागद खाली ठेवून बराच वेळ रडले. मग डॉक्टरांना विचारले, ‘हा आकडा माझा आहे का?’ ते प्रामाणिक गृहस्थ आहेत. ते म्हणाले, ‘तुमच्यासारखे रुग्ण त्यात फार थोडे होते, तुमच्या प्रकारात या औषधांचा प्रतिसाद कमी मिळतो असे आम्हाला दिसते, पण किती कमी, हे मी तुम्हाला खात्रीने सांगू शकत नाही.’ ज्या प्रश्नावर माझे पुढचे निर्णय अवलंबून आहेत, त्याचे उत्तर माझ्या डॉक्टरांजवळ नाही, कारण तुम्ही तो विचारलेला नाही.

तुमची अडचण मला कळत नाही असे नाही. रुग्ण एकसारखे असले की निष्कर्ष स्वच्छ निघतो. आमची गाठ आतून वेगळी असते : उन्हाने होणारे हजारो बारीक जनुकीय बदल तिच्यात नसतात, त्याऐवजी गुणसूत्रांचे मोठे तुकडे तुटलेले, उलटेपालटे जोडलेले किंवा अनेक पटींनी वाढलेले असतात. साध्या त्वचेच्या मेलॅनोमात साधारण निम्म्या रुग्णांत बीआरएएफ जनुकातील बदल सापडतो आणि त्यावर गोळ्या आहेत. आमच्यात तो पुष्कळ कमी वेळा सापडतो, माझ्यात तो नाही. तेव्हा आम्हाला इतरांत मिसळले तर तुमच्या निकालाचा आकडा खाली येईल, ही भीती मी समजू शकते. पण त्यावरचा उपाय वगळणे हा नसून आमचा गट वेगळा मोजणे हा आहे.

वेगळा प्रश्न विचारला की उत्तर मिळते, याची उदाहरणे तुमच्याच क्षेत्रात आहेत. २००६ साली संशोधकांनी अ‍ॅक्रल आणि म्यूकोझल मेलॅनोमाच्या गाठी वेगळ्या काढून तपासल्या, तेव्हा त्यांतील काहींमध्ये केआयटी जनुकातील बदल सापडले, आणि पुढे असे बदल असणाऱ्या काही रुग्णांच्या गाठी इमॅटिनिब या औषधाने आटल्या. मेंदूत पसरलेल्या मेलॅनोमाच्या रुग्णांना वर्षानुवर्षे चाचण्यांच्या दारातूनच परत पाठवले जात होते. मग केवळ त्यांच्यासाठी चाचणी झाली, आणि निव्होलुमॅब-इपिलिमुमॅबच्या त्याच जोडीने ९४ पैकी ५७ टक्के रुग्णांना मेंदूतील आजारात लाभ झाल्याचे २०१८ साली दिसले. शरीरात पसरलेल्या डोळ्यातील मेलॅनोमावर तर फारच कमी आशा होती. त्या रुग्णांसाठी ३७८ जणांची स्वतंत्र चाचणी उभी राहिली, टेबेन्टाफस्प घेणाऱ्यांपैकी ७३ टक्के वर्षअखेरीस जिवंत होते, तर इतर उपचार घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के, आणि २०२२ साली त्या औषधाला मान्यता मिळाली. दुर्मिळ आजारात रुग्ण मिळत नाहीत, हे कारण तिथे आड आले नाही. आमच्या बाबतीत तर ते मुळीच पटणारे नाही. आमचे रुग्ण जिथे आहेत तिथे चाचण्यांची केंद्रे उघडली, तर ते मिळतील.

दुसरी तक्रार तुमच्या दुष्परिणामांच्या तक्त्यांविषयी आहे. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर घेतलेल्या इम्युनोथेरपीने माझी थायरॉईड ग्रंथी कायमची निकामी केली. पुढे नडगीवर वाटाण्याएवढ्या गाठी उठल्या, म्हणून दोन औषधे एकत्र दिली गेली. तिसऱ्या डोसनंतर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला सूज आली आणि शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल, म्हणजे जगायला लागणारे एक संप्रेरक, बनणे थांबले. गाठी मात्र दीड वर्ष विरून राहिल्या, आणि त्या दीड वर्षासाठी मी कृतज्ञ आहे. आता मी रोज पहाटे थायरॉईडची गोळी घेते, दिवसातून दोनदा हायड्रोकॉर्टिसोन घेते, ताप आला की तो डोस दुप्पट करते, आणि बेशुद्ध सापडले तर मला कोणते इंजेक्शन द्यावे, हे लिहिलेले कार्ड पर्समध्ये ठेवून बाहेर पडते. तुमच्या अहवालांत पुढे मांडली जाते ती तिसऱ्या आणि चौथ्या, म्हणजे गंभीर, श्रेणीच्या दुष्परिणामांची टक्केवारी. आयुष्यभर पुरणारे आणि रोज गोळीने सांभाळावे लागणारे नुकसान पुष्कळदा दुसऱ्या श्रेणीत बसते आणि ‘आटोक्यात ठेवता येण्याजोगे’ या शब्दांखाली जाते. थकव्याचेही तसेच. चार पायऱ्या चढून कठड्याला धरून उभे राहावे लागणे ही कोणती श्रेणी आहे, ते मला ठाऊक नाही; माझ्या दिवसाचा सगळा हिशेब मात्र त्या थकव्याभोवती लागलेला असतो. आम्ही आता दहा-दहा वर्षे जगू लागलो आहोत, तर त्या वर्षांची नोंदही तुमच्या तक्त्यांत आली पाहिजे.

तिसरी गोष्ट लहान आहे, पण बोलल्यावाचून राहवत नाही. नकाराच्या पत्रात कारण असावे. ‘वगळण्यात आले आहेत’ हे कारण झाले नाही. आमच्या प्रकारात औषध काम करणार नाही असे प्रयोगशाळेत दिसले म्हणून वगळले, धोका जास्त म्हणून वगळले, की गणित सोपे व्हावे म्हणून वगळले, हे कळले तर रुग्ण पुढचा निर्णय डोळसपणे घेऊ शकतो. दर बारा आठवड्यांनी स्कॅन होतो, आणि स्कॅन ते रिपोर्ट यांमधले ते दोन-तीन दिवस कसे जातात हे माझ्या घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे : फोन वाजला की सगळे बोलायचे थांबतात. गेल्या स्कॅनमध्ये नडगीवरच्या दोन गाठी पुन्हा वाढलेल्या दिसल्या. अशा अवस्थेत नऊ दिवस वाट पाहून आलेले विनाकारण वाक्य वाचणे ही काय अवस्था असते, याचा विचार तो मजकूर ठरवणाऱ्याने एकदा करावा.

नैतिकता समित्यांच्या सदस्यांना मी वेगळे सांगू इच्छिते. १९६४ साली प्रथम स्वीकारलेल्या आणि पुढे वेळोवेळी सुधारलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्यात, संशोधनात ज्यांचे प्रतिनिधित्व कमी आहे अशा गटांना सहभागाची योग्य संधी मिळावी, असे तत्त्व नमूद आहे. आराखडा तुमच्यासमोर येतो तेव्हा सहभागी होणाऱ्यांच्या सुरक्षिततेबद्दल तुम्ही बारकाईने प्रश्न विचारता, आणि ते योग्यच आहे. पण वगळले जाणाऱ्यांबद्दल प्रश्न विचारण्याचे कामही तुमचेच आहे, कारण त्यांच्या बाजूने त्या खोलीत दुसरे कोणी नसते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

ज्या चाचणीत अ‍ॅक्रल, म्यूकोझल किंवा डोळ्यातील मेलॅनोमाचे रुग्ण वगळले जातात, तिच्या जाहीर आराखड्यात त्याचे वैद्यकीय कारण लिहावे, आणि कारण देता येत नसेल तर नैतिकता समितीने तो निकष काढून टाकल्याशिवाय मान्यता देऊ नये.

‘मेलॅनोमा’ या सर्वसाधारण नावाने मान्यता मागितल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधाच्या चाचणीत आमच्यासाठी स्वतंत्र गट ठेवावा, तो कितीही लहान असो, आणि त्याचे निकाल वेगळे छापावेत. निकाल निराशाजनक असले तरी छापावेत. जे औषध मला लागू पडणार नाही ते न घेणे हाही माझा फायदाच आहे, कारण माझ्या शरीरात निकामी होण्यासारख्या ग्रंथी आता थोड्याच उरल्या आहेत.

जिथे अ‍ॅक्रल मेलॅनोमा सर्वाधिक आढळतो, त्या प्रदेशांत चाचणीची केंद्रे काढावीत.

उपचार संपल्यानंतरच्या कायमस्वरूपी दुष्परिणामांची नोंद किमान दहा वर्षे ठेवावी आणि ती रुग्णाच्या शब्दांत घ्यावी.

निकष ठरवणाऱ्या बैठकीत किमान दोन रुग्ण असावेत, आणि त्यांतील एकाचा मेलॅनोमा उन्हाशी संबंध नसलेल्या प्रकारचा असावा.

आणि एक मागणी निदानाबाबत, कारण मेलॅनोमा लवकर ओळखण्याच्या मोहिमांनाही तुमच्यातील अनेक संस्था पैसा देतात : त्या प्रत्येक भित्तिपत्रकावर आणि प्रत्येक प्रशिक्षणात तळपायाचे व नखाचे चित्र असावे, ते गडद त्वचेवरचे असावे, आणि शरीरावरून काढलेला प्रत्येक काळा किंवा न भरणारा तुकडा, मग तो नखाचा का असेना, पॅथॉलॉजीकडे गेलाच पाहिजे, हे त्यावर स्पष्ट लिहिलेले असावे. प्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांना १९७७ साली पायाच्या बोटाच्या नखाखालच्या मेलॅनोमाचे निदान झाले आणि १९८१ साली वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले. त्यांच्याही त्या डागाला आधी फुटबॉलची दुखापत समजले गेले होते. त्यानंतर इतक्या वर्षांनी मला ठेचेबद्दल विचारले गेले.

माझ्या कापलेल्या अंगठ्यातील गाठीचा भाग मेणाच्या एका चौकोनी ब्लॉकमध्ये प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. नडगीवरच्या गाठीचाही दुसरा ब्लॉक आहे. अ‍ॅक्रल मेलॅनोमावरील कोणत्याही संशोधनासाठी ते दोन्ही वापरावेत, असे संमतिपत्र मी सही करून माझ्या डॉक्टरांकडे दिले आहे. पुढच्या स्कॅननंतर ज्या गाठी काढल्या जातील त्यांनाही ती संमती लागू आहे. तुमच्यापैकी ज्या कोणाला त्या हव्या असतील, त्यांनी मागाव्यात.

आपली,
अ‍ॅक्रल मेलॅनोमाची एक रुग्ण